वाटीभर पोट

५ मार्च, बुधवार

ही वही आहारतज्ज्ञ बाईंनी दिली. प्रत्येक पानावर चार रकाने: वेळ, काय घेतलं, किती, कसं वाटलं. शेवटचा रकाना बोटभर रुंद. त्यात माझं काही मावणार नाही असं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग मागच्या कोऱ्या पानांवर लिहा. पण लिहा.” म्हणून वही उलटी करून मागून सुरुवात केली आहे.

परवा सकाळी ऑपरेशन झालं. पोटाचा बराचसा भाग कापून काढला आणि उरलेल्याची नळी शिवली. आता त्यात सगळं मिळून एक लहान वाटी मावते. दर पंधरा मिनिटांनी तीस मिलिलिटर पाणी प्यायचं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण असतं ना, तेवढं. तेही एकदम नाही, चार घोटांत. पहिलं झाकण संपवायला वीस मिनिटं लागली आणि छातीत असं दुखलं, जणू गोटा गिळला.

बाबा खुर्चीत बसून आहेत, हातात मनगटी घड्याळ काढून धरलेलं. चाळीस वर्षं बंदराच्या कॅंटीनमध्ये आचारी होते. एका वेळी सहाशे माणसांना जेवू घातलं. आता एक डोळा मिटून झाकणात पाणी मोजताहेत.

“ठमे, चल, वेळ झाली.”

ठमी हे माझं घरातलं नाव. त्रेचाळीस वर्षांची झाले तरी तेच. नर्सला ते खरं नाव वाटलं. तीही मला ठमाबाई म्हणते.

६ मार्च, गुरुवार

घरी आले. तीन मजले चढायला पंचवीस मिनिटं. सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, असं सर्जननं कागदावर लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. मला हसू आलं. मी क्रेन चालवते. म्हणजे चालवायचे. तीस-तीस टनांचे कंटेनर जहाजातून अलगद उचलून ट्रकवर ठेवायचे. दोन वर्षांपूर्वी तपासणीत वजन एकशे चौतीस भरलं आणि मला खाली उतरवलं. क्रेनच्या केबिनमध्ये काही अपघात झाला तर माणसाला खाली सोडायचा पट्टा असतो, तो एकशेवीस किलोपर्यंतच चालतो. तेव्हापासून बंदराच्या गेटवर खिडकीत बसून ट्रकवाल्यांच्या कागदांवर शिक्के मारते. ऑपरेशन कशासाठी केलं असं सगळे विचारतात. मी तब्येतीचं सांगते. खरं कारण तो पट्टा.

निघण्याआधी आहारतज्ज्ञ बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. पहिले दोन आठवडे फक्त पातळ, मग दोन आठवडे गाळलेलं-वाटलेलं, मग मऊ. जेवताना पाणी नाही. मग माझी माहिती विचारायला लागल्या.

“वजन साधारण केव्हापासून वाढायला लागलं?”

“नऊ वर्षांची होते तेव्हापासून. आई गेली त्या वर्षी.”

“कशानं गेल्या?”

“तापानं,” मी म्हटलं. “मग बाबांनी मला जेवू घातलं. दिवसातून पाच वेळा! शाळेत दोन डबे असायचे. एक मधल्या सुट्टीत खायला आणि एक घरी येताना रस्त्यात.”

बाई हसल्या. मीही हसले. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. बाई त्यांना आवडलेल्या दिसत नाहीत. जन्मभर दुसऱ्यांना खाऊ घातलेल्या माणसाला कोणी खाण्याचे धडे दिले की राग येणारच.

८ मार्च, शनिवार

बाबांनी सूप केलं. गाजर, कांदा, कोंबडीची हाडं, पाच तास मंद आचेवर. मग कपड्यातून तीनदा गाळलं. एवढ्या कष्टानंतर वाटीत आलं ते गढूळ पाणी. पण काय चव! डोळे मिटून सहा चमचे प्यायले आणि सातव्याला पोट म्हणालं, बास. असं त्यानं आजवर कधी म्हटलं नव्हतं. त्रेचाळीस वर्षांत आमची पहिलीच ओळख.

बाबाही समोर लहान वाटी घेऊन बसले होते. मला सोबत म्हणून.

“तुम्ही जेवलात?”

“तुझा डोळा लागला होता ना, तेव्हा.”

११ मार्च, मंगळवार

आज खूप रडले. समोरच्या इमारतीत कोणीतरी पाव भाजत होतं. वास खिडकीतून आला. पोटात भूक नव्हती, हे नवीनच. भूक तोंडात होती, दातांत होती, हातांत होती. काहीतरी मोडून खावं, कुरकुरीत, गरम, असं वाटत होतं आणि समोर प्रोटीनच्या पावडरीचा ग्लास. त्याला खडूची चव.

खरं लिहायचं तर मला वाटतंय की मी चूक केली. चांगलं धडधाकट पोट कापून टाकलं. आनंद झाला की खायचे, वाईट वाटलं की खायचे, कंटाळा आला की खायचे. आता आनंद झाला तर काय करायचं? बाकीचे लोक काय करतात?

बाबांनी उठून खिडकी लावली. नंतर बराच वेळ माझ्या पायांना तेल चोळत बसले.

१५ मार्च, शनिवार

वजन एकशे पंचवीस. ऑपरेशनच्या दिवशी एकशे एकतीस होतं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “इतक्या लवकर?” कौतुकानं म्हणाले असं वाटत नाही. चेहरा पडला होता.

एक गंमत लक्षात आली आहे. बाबा तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे जायला लागलेत. काखेत कसलंतरी गाठोडं असतं. तासाभरानं परत येतात. आज विचारलं, “जेवायचं काय करता तुम्ही? माझ्यासमोर जेवत नाही, मग जेवता कुठे?”

“खाली. त्या बाई आग्रह करतात.”

शिंपीणबाई पासष्टच्या असतील. नवरा जाऊन दहा वर्षं झाली. गोड हसतात. बाबा एकाहत्तर. माझं काही म्हणणं नाही. उलट बरंच आहे. फक्त गाठोड्यातून काय नेतात ते कळत नाही.

१७ मार्च, सोमवार

बाबांचं काहीतरी बिनसलंय. मला ठमे म्हणायचं बंद केलंय. “बाळ, औषध घे,” “बाळ, उठ.” मी शेवटची बाळ होते ती आईच्या वेळी. शिवाय चिडचिड वाढली आहे. काल कपड्याच्या चिमट्यावरून ओरडले. पाणी मोजताना हात थरथरतो. आज पावडरीचा डबा आणायला गेले ते दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसलेले मला वरून दिसले.

“काय झालं?”

“काही नाही. बुटाची नाडी.”

त्यांच्या बुटांना नाडी नाही.

मला वाटतं, या वयात प्रेमात पडलं की असंच होत असेल. मी थट्टा केली, “शिंपीणबाईंनी चांगलंच माप घेतलेलं दिसतंय तुमचं!” तर कानापर्यंत लाल झाले. म्हणजे नेम बरोबर लागला.

१९ मार्च, बुधवार

बंदरावरच्या मुकादमांचा फोन. माझ्या सतरा नंबरच्या क्रेनवर नवीन पोरगी घेतली आहे. “कंटेनर असा झुलवते की खाली उभं राहवत नाही. तू ये बाई लवकर, आमचे जीव टांगणीला लागलेत.” दिवसभर त्याच एका वाक्यावर जगले.

२२ मार्च, शनिवार

गाळलेलं-वाटलेलं सुरू. बाबांनी भोपळा उकडून, वाटून, चाळणीतून काढला. दोन चमचे दह्याबरोबर. वीस मिनिटांत चार चमचे खायचे होते. मी पाच मिनिटांत खाल्ले. जुनी सवय.

मग ते अडकलं. छातीच्या मधोमध. तोंडाला फेस यायला लागला, लाळ थांबेना. न्हाणीघरात जाऊन बसले. दहा मिनिटांत सगळं बाहेर आलं आणि बरं वाटलं. आहारतज्ज्ञ बाईंनी हे होईल असं आधीच सांगितलं होतं, त्यामुळे मी फारशी घाबरले नाही.

पण बाबा! ते माझ्या बाजूला फरशीवर बसले होते. दोन्ही हातांनी तसराळं धरलेलं आणि ओठ पांढरे. “नको,” ते म्हणत होते. “नको, पुन्हा नको. पुन्हा असं नको.”

पुन्हा म्हणजे? मी तर आयुष्यात कधी जेवण बाहेर टाकलं नाही. मी सांगितलं, “अहो बाबा, घाईघाईत खाल्लं म्हणून झालं. उद्या हळू खाईन.” त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरातला दिवासुद्धा लावला नाही.

२४ मार्च, सोमवार

पाच दिवस झाले, वजन हललेलं नाही. एकशे तेवीसवर अडकलंय. दिवसाला पाव किलोसुद्धा अन्न पोटात जात नाही, आणि वजन जागचं हलत नाही! फोनवर आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, तिसऱ्या आठवड्यात होतं असं, शरीर घाबरलेलं असतं, वजनकाट्यावर रोज चढू नका. वजनकाटा पलंगाखाली ढकलला. मग अर्ध्या तासानं वाकून बाहेर काढला.

राग काढायला स्वयंपाकघर आवरलं. एक विचित्र गोष्ट दिसली. तेलाची बाटली मी दवाखान्यात जाण्याआधी आणली होती. अर्धीही संपलेली नाही. बटाट्यांना कोंब आलेत. पावाच्या डब्यात बुरशी. शिंपीणबाई बाबांना तिन्ही त्रिकाळ जेवू घालताहेत म्हणायच्या. बाई मनाच्या मोठ्या. एकदा खाली जाऊन आभार मानायला हवेत. पण मग बाबांना वाटेल मी चौकशा करते.

२८ मार्च, शुक्रवार

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. यावेळी पेशंट मी नाही.

अकराच्या सुमारास जिन्यात धप्प आवाज आला. कोणाची तरी पिशवी पडली असेल असं वाटलं. मग लिंबं पायऱ्यांवरून उड्या मारत खाली जाण्याचा आवाज. दार उघडलं. बाबा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आडवे पडलेले. डोळे अर्धे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हते.

मी कशी उतरले आठवत नाही. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. उचलायला हात काखेत घातले आणि टाक्यांची जागा अशी ओढली गेली की ओरडले. ओरडणं ऐकून शिंपीणबाई वर आल्या, मानेभोवती टेप तसाच. त्यांनी मला बाजूला सारलं. “तुम्ही हात लावू नका. तुम्ही फक्त त्यांच्याशी बोलत राहा.” मग फोन केला, रुग्णवाहिका आली.

रुग्णवाहिकेची वाट बघताना मी शिंपीणबाईंना म्हटलं, “तुमच्याकडे जेवतात तेव्हा त्यांना कधी चक्कर आली होती का?”

शिंपीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. “माझ्याकडे? माझ्याकडे एक घास कधी खाल्ला नाही त्यांनी. मी दहादा म्हटलं असेन. ते आपल्या तिन्ही पँटी घेऊन यायचे. कमरेत घ्यायला. तीनदा घेतल्या मी. शेवटच्या वेळी म्हटलं, आता खिसे मागे एकमेकांना भेटतील. तर म्हणाले, मुलीला सांगू नका.”

बाबांच्या कमरेकडे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

२९ मार्च, शनिवार

डॉक्टरांनी माझ्यासमोरच विचारलं, “आजोबा, पोटभर कधी जेवला होतात?”

बाबा चादरीची कड सरळ करत राहिले.

“शेवटचं काय खाल्लंत? आठवतंय?”

“हिच्याबरोबर जेवलो,” बाबा म्हणाले.

“काय जेवलात?”

“भोपळा. चार चमचे.”

“आणि त्याच्याआधी?”

“हिच्याबरोबर.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझं ऑपरेशन आणि त्याची तारीख सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे तीन आठवडे तुम्ही हिचा आहार घेताय? वर रक्तदाबाच्या गोळ्या, त्याही रिकाम्या पोटी?”

“बावीस दिवस,” बाबा म्हणाले. चोरी कबूल करावी तसं.

डॉक्टर गेल्यावर मी बाबांवर चिडले. अख्ख्या वॉर्डात ऐकू जाईल एवढी चिडले. “मला वजन कमी करायचंय, तुम्हाला नाही! माझ्या अंगात साठलेलं आहे, ते वापरलं जातंय. तुमच्या अंगात आहे काय? हाडं! मेला असतात तर मी काय केलं असतं? तुम्हाला उचलूसुद्धा शकले नाही मी!”

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग सलाइनच्या नळीकडे बघत म्हणाले, “तुझी आई तापानं नाही गेली.”

मी बसले.

“तिच्या अन्ननलिकेत गाठ होती. शेवटचे दोन महिने गिळताच यायचं नाही. चमचा-चमचा पाणी. मग तेही बाहेर. शेवटी तर कापसाचा बोळा ओठांवर फिरवायचो. तुला मावशीकडे पाठवलं होतं, तुला नाही कळलं. लहान होतीस. ताप म्हटलं की पोरांना समजतं.”

“बाबा—”

“मी तेव्हा जेवत होतो,” ते म्हणाले. “कामाला तर जावंच लागायचं. सहाशे माणसांचं रांधायचं, तिथंच पोटभर जेवायचं आणि घरी यायचं. माझ्या हातांना मसाल्याचा वास, अंगाला तळणाचा वास. आणि ती अशी पडलेली, पाण्यासाठी ओठ उघडून. मी जेवून यायचो, बाळ. एक दिवस चुकलो नाही.”

मग म्हणाले, “आणि ती गेल्यावर तुला इतकं खाऊ घातलं की तुझं हे झालं. त्या बाईंनी विचारलं ना त्या दिवशी, केव्हापासून? मला बसल्या जागी जमिनीनं गिळावं असं झालं. दोघींचंही मीच केलं. म्हटलं, यावेळी तरी ही उपाशी असताना आपण जेवायचं नाही. हिला जेवढं मिळेल तेवढंच.”

आईबद्दल रडू की यांच्याबद्दल, कळेना. चौतीस वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन माझ्यासमोर बसत होता.

मी विचारलं, “तुम्ही घरी आलात की आई काय म्हणायची?”

“म्हणायची, आज काय केलं होतं?”

“मग?”

“मग मी सांगायचो. सगळं. कांदा किती परतला, कोणाच्या ताटात काय वाढलं, कोणी नावं ठेवली, मुकादमानं तिसऱ्यांदा कसं मागून घेतलं. डोळे मिटून ऐकायची. मध्येच विचारायची, मीठ बरोबर होतं ना?”

“तिला आवडायचं ऐकायला.”

“हो.”

“मग तुम्ही उपाशी आला असतात तर तिला सांगितलं काय असतं?”

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग चादर तोंडावर ओढून घेतली. चादर बराच वेळ हलत होती. मी तिच्यावर हात ठेवून बसून राहिले. माझी पाण्याची पंधरा मिनिटं दोनदा उलटून गेली.

३० मार्च, रविवार

बाबा घरी. डॉक्टर म्हणाले, एकदम पोटभर द्यायचं नाही, थोडं थोडं वाढवत न्यायचं. त्यांना पलंगावर बसवून मी स्वयंपाकघरात गेले. या स्वयंपाकघरात मी चहा सोडून आजवर काही केलं नाही. त्यांनी करूच दिलं नाही.

बटाटे उकडून, कुस्करून, त्यात अंडं आणि लोणी. एवढंच केलं. तरी एक बाजू लागली. वासानं आधी मळमळलं, मग गेलं ते. चमचाभर चाखून बघितलं.

ताट घेऊन गेले तर म्हणाले, “आधी तू.”

“माझं घेऊन आलेय.” माझी वाटी दाखवली. “आता तुम्ही.”

घास घेतला. चावला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, जसे ते जन्मभर माझ्या तोंडाकडे बघत आले.

“करपलंय,” म्हणाले.

“माहितीये.”

सगळं संपवलं. शेवटचे दोन घास खाताना डोळ्यांतून पाणी गळत होतं. पण थांबले नाहीत.

२ एप्रिल, बुधवार

आता असं ठरलं आहे: मला वाटीभर खायला पंचवीस मिनिटं लागतात, तर त्यांनीही त्यांचं ताट पंचवीस मिनिटं पुरवायचं. आचारी लोक उभ्या उभ्या चार मिनिटांत जेवतात. पहिल्या दिवशी पाचव्या मिनिटाला रिकामं ताट घेऊन बसले आणि बोटं वाजवायला लागले. “आता काय करू?”

“बोला.”

“काय बोलू?”

“आईचं काहीतरी सांगा.”

तीन दिवसांत मला जेवढी आई कळली तेवढी तीस वर्षांत कळली नव्हती. ती पत्त्यांत फसवायची. तिला पोहता येत होतं, बाबांना नाही. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं केलेला रस्सा इतका तिखट होता की बाबांनी दोन तांबे पाणी पिऊन “उत्तम” म्हटलं, आणि मग वर्षभर तसाच खावा लागला. हे सांगताना बाबा इतके हसले की ठसका लागला. मलाही हसू आवरेना. हसताना टाके दुखतात. हसतच पोट धरून बसले होते, तेव्हा ते म्हणाले, “पुरे ठमे, फुटशील.”

त्यांच्या लक्षातही आलं नाही. मीही दाखवलं नाही.

६ एप्रिल, रविवार

तीन चमचे उकडलेला मासा. मऊ. पंचवीस वेळा चावला. असा मासा मी आयुष्यात खाल्ला नव्हता, कारण पूर्वी दुसरा घास तयार ठेवून पहिला गिळायचे. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे चाळीस वर्षं मी उगाचच चवीकडे लक्ष दिलं.”

शिंपीणबाईंना आज जेवायला बोलावलं होतं. खरंच. बाबांनी नवीन शर्ट घातला. त्या येताना तीन पँटी घेऊन आल्या, शिवण पुन्हा उसवून मोठ्या केलेल्या. बाबा कानापर्यंत लाल झाले. यावेळी मी थट्टा केली नाही. काय समजावं ते मला अजून नक्की कळलेलं नाही.

१४ एप्रिल, सोमवार

सहा आठवडे. तपासणीला दोघं गेलो. माझं वजन एकशे एकोणीस. टाके भरलेत, उचलायला परवानगी, पण बेतानं. लोह कमी आहे, गोळ्या वाढवल्या. पुढच्या दोन-तीन महिन्यांत केस गळतील, घाबरू नका, परत येतात, असंही सांगून ठेवलं.

मग बाबा म्हणाले, “माझंही करा.” आणि बुटांसकट काट्यावर चढले. बाईंनी बूट काढायला लावले. दोन किलो वाढलंय. बाईंनी विचारलं, त्यांच्यासाठीही वही देऊ का? बाबा म्हणाले, “नको. माझं हिच्याच वहीत लिहा.”

जिन्यातून उतरताना बाबा बाईंबद्दल म्हणाले, “हुशार आहे पोरगी. फक्त सुपाचं काही कळत नाही तिला.”

पण आजचा दिवस काही सरळ गेला नाही. दुपारी कपाटावरचा मोठा आरसा पुसताना स्वतःला पाहिलं. दंडाची कातडी लोंबायला लागली आहे. गळ्याखाली रिकामी पिशवी. जाड होते तेव्हा भरलेली तरी होते. आता कोणीतरी माझ्यातून निघून गेल्यासारखं दिसतं. अर्धा तास तशीच बसले. हे बाबांना सांगायचं नव्हतं, पण जेवताना सांगून टाकलं. ते चमचा थांबवून म्हणाले, “मला तर तू शाळेतून यायचीस तशी दिसतेस. दमलेली.” यानं आरसा बदलत नाही. पण सांगितल्यावर बरं वाटलं.

२५ एप्रिल, शुक्रवार

परवा बंदराच्या डॉक्टरनं तपासलं. एकशे सतरा किलो आठशे. पट्टा बांधून लोंबकळवलं, दोरी ओढून पाहिली, कागदावर सही केली. आज पहिला दिवस, अर्धी पाळी. मुकादमांनी सगळ्यांना जमवून ठेवलं होतं, फुकटचा तमाशा. शिडीला एकशे बारा पायऱ्या. पूर्वी न मोजता चढायचे. आज चार वेळा थांबले, चौथ्यांदा पाय इतके थरथरले की वाटलं खाली ओरडून सांगावं, जमत नाही. खिशात पाण्याची बाटली होती. चार घोट घेतले. दोन-दोन मिनिटं थांबून. मग चढले.

केबिनचं दार आतून लावलं. खुर्चीचे हात आता कमरेला रुतत नाहीत. खाली जहाज, पाणी, माणसं, सगळं जागच्या जागी. पहिला कंटेनर उचलला तेव्हा हात घामानं ओले होते. ट्रकवर ठेवला. आवाज झाला नाही. वायरलेसवर मुकादम म्हणाले, “आता आम्ही खाली उभे राहू शकतो.” मी पुढचा कंटेनर उचलायला घेतला.

बाराला उतरले. बाबा माझी वाटी घेऊन येणार होते, अंडं आणि पालक. ठरलेल्या जागी दिसले नाहीत. गेटवर विचारलं तर पहारेकरी म्हणाला, “तुमचे वडील? कॅंटीनकडे गेले.” निवृत्त झाल्यापासून आठ वर्षांत त्यांनी तिथं पाऊल ठेवलेलं नाही. मला आधी काळजीच वाटली.

दारातून पाहिलं. लांब टेबलाच्या मधोमध बसले होते, दोन्ही बाजूंना हमाल. पाठ माझ्याकडे. समोर काठोकाठ भरलेलं ताट. नवीन आचारी कमरेवर हात ठेवून उभा, आणि बाबा तोंडात घास असतानाच त्याला सुनावत होते, “कांदा घाईनं परतलायस तू. घाई कसली? सहाशे माणसं पळून जाताहेत का?” टेबलावर हशा पिकला. आचारीही हसला. बाबांनी पावाचा मोठा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, तोंडात घातला. शेजारच्यानं काहीतरी विचारलं. बाबा त्याच्याकडे वळून सांगायला लागले, हात हलवत, सविस्तर. मग पुन्हा वाढून घेण्यासाठी ताट पुढे केलं.

माझी वाटी त्यांच्या कोपराशी झाकून ठेवलेली होती. खायची वेळ होऊन गेली होती.

मी हाक मारली नाही. त्यांचं ताट संपेपर्यंत दारातच उभी राहिले.